पाणी कोठे मुरते?

मोटारीत अनेक वस्तू झिजण्यासाठी आणि संपण्यासाठीच घातलेल्या असतात. पेट्रोल जळते, टायर झिजतात, ब्रेकचे लायनर पातळ होत जातात, इंजिनातले तेल काळे पडून बदलावे लागते. इंजिनाभोवती जे पाणी खेळते ते मात्र ह्या खर्चाच्या यादीत येत नाही. ते तेवढेच्या तेवढे इंजिनातून रेडिएटरात आणि रेडिएटरातून पुन्हा इंजिनात असे फिरत राहते. बॉनेट उघडले की एका बाजूला पांढुरक्या प्लॅस्टिकची लहानशी टाकी दिसते. तिच्यावर किमान आणि कमाल पातळीच्या दोन रेघा असतात. सकाळी, गाडी पूर्णपणे थंड असताना, पाण्याची पातळी ह्या दोन रेघांमध्ये असावी आणि महिन्यामागून महिने ती जवळजवळ तेथेच राहावी, अशी ही रचना आहे. वर्षाकाठी एखादा घोट कमी झाला तर ते समजण्यासारखे आहे. पण महिन्याभरात पातळी दोन बोटे उतरली, तर ते पाणी कोठून तरी बाहेर पडले आहे ह्यात शंका नाही. ‘कोठेतरी पाणी मुरते आहे’ असे मराठी माणूस संशयाच्या प्रसंगी म्हणतो. मोटारीच्या बाबतीत हा वाक्प्रचार अलंकार राहत नाही, सरळ अर्थाने लागू पडतो.

ही साधी गोष्ट आपल्या मनात ठसलेली नाही, ह्याला एक जुनी सवय कारणीभूत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्यापूर्वी मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढलेल्या कोणालाही ते दृश्य आठवेल. वळणावळणावर फिआट, अँबॅसिडर आणि मालमोटारी बॉनेट उघडून उभ्या आहेत, वाफेचे लोट निघत आहेत आणि चालक हातात डबा घेऊन गाडी निवण्याची वाट पाहत आहे. गाडीला ‘पाणी पाजणे’ हा त्या काळी प्रवासाचाच एक विधी होता. त्या गाड्यांच्या रेडिएटरातून तापलेले पाणी उतू गेले की ते थेट रस्त्यावर सांडे. सबब थोडे पाणी कमी होणे स्वाभाविक होते आणि ते वरून भरणे हाच उपाय होता. पुढे गाड्या बदलल्या. उतू जाणारे पाणी जोडटाकीत झेलून गाडी थंड झाल्यावर पुन्हा आत ओढून घेणारी बंद व्यवस्था सर्वत्र आली. सवय मात्र तीच राहिली. पाणी कमी झाले की ओतायचे, पुन्हा कमी झाले की पुन्हा ओतायचे. रांजणाला तडा गेला असता रोज एक घागर अधिक ओतून समाधान मानावे, तशातलाच हा प्रकार आहे. रांजणाच्या बाबतीत निदान ओटीवर ओल तरी दिसते. इंजिनाच्या बाबतीत ती बहुधा दिसतही नाही.

आता घाट पुष्कळ सोपे झाले आहेत आणि रेडिएटरची कसोटी घाटात न लागता शहरातच लागते. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी माणसाला परके न वाटणारे बंगळूर ह्याचे ठळक उदाहरण होय. त्या शहराच्या पूर्वेस, बाह्य वर्तुळमार्ग आणि व्हाइटफील्डकडे जाणारा रस्ता ह्यांच्या आसपास महादेवपुरा पसरला आहे. २००७ साली तो बृहत् बंगळूर महानगरपालिकेत सामील झाला. त्यापूर्वी तेथे स्वतंत्र नगरपालिका होती. कारखान्यांची ही वस्ती पुढे संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्यांनी भरून गेली. बेळगाव, सांगली, पुणे येथून नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबेही तेथे आहेत. कृष्णराजपुरम स्थानकाजवळचा, केबलांवर तोललेला पूल २००३ साली वाहतुकीस खुला झाला. तो ओलांडून टिन फॅक्टरीच्या चौकात येताच वाहनांची जी दाटी लागते ती ज्याने अनुभवली आहे, त्याला मोटारीच्या दृष्टीने घाट आणि ही दाटी ह्यांत फारसा फरक वाटणार नाही. किंबहुना दाटीच अधिक वाईट. घाटात वाहन चालत तरी असते आणि समोरून वारा लागतो. येथे गाडी पावलापावलाने सरकते, वारा मुळीच लागत नाही आणि इंजिन मात्र धगधगत असते.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा ढोबळ हिशेब असा : साधारण एक तृतीयांश चाके फिरवण्यास उपयोगी पडते, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेल्या हिश्श्याचा बराच मोठा भाग पाण्याला उचलावा लागतो. हे पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना आपली उष्णता हवेला देते. ह्या नळ्यांचे महत्त्व प्रथम विल्हेल्म मायबाख ह्या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले. १९००-०१ च्या सुमारास मर्सिडिज गाडीसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला, त्यात आठ हजारांहून अधिक नळ्या होत्या. तत्पूर्वी गाड्यांतले पाणी उकळून हवेतच जात असे आणि ते वाटेत पुन्हा पुन्हा भरावे लागे. मायबाखच्या रेडिएटरमुळे मोटारीला तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागले. वारा नसेल तेव्हा रेडिएटरमागचा पंखा हवा ओढून घेतो. महादेवपुऱ्यातल्या गाडीचे जीवन ह्या पंख्यावर आणि आतल्या पाण्यावर अवलंबून असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पाण्याच्या उत्कलनबिंदूचा प्रश्नही येथे उभा राहतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे उघड्या भांड्यातले पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळू लागते. उलट इंजिनाला ९० ते १०० अंशांच्या दरम्यान काम करणे सोयीचे असते. ह्या पेचातून सुटण्याचा मार्ग प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. कुकरचे झाकण लावले की आतला दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या सुमारास उकळते. रेडिएटरचे झाकण हे नेमके कुकरचे झाकण होय. त्यातली स्प्रिंग बहुतेक गाड्यांत दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोग्रॅम, म्हणजे घरच्या कुकरइतकाच, दाब आत धरून ठेवते. त्यात पाण्याबरोबर अर्धे ग्लायकॉल मिसळलेले असले म्हणजे उत्कलनबिंदू १२५ अंशांच्याही वर जातो. पाणी, ग्लायकॉल आणि गंज रोखणारी द्रव्ये ह्यांच्या ह्या मिश्रणालाच गॅरेजात ‘कूलंट’ म्हणतात.

गळती म्हणजे केवळ पाण्याचा तोटा नव्हे हे ह्यावरून ध्यानात येईल. सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तरी कुकरची शिट्टी काढून ठेवल्यासारखी अवस्था होते. दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते, वाफ झाली की ती जागा उष्णता उचलत नाही आणि मग इंजिनाचे डोके तापते. ह्यात आणखी एक फसवणूक आहे. तापमान मोजणारा काटा पाण्यात बुडालेल्या संवेदकावर अवलंबून असतो. पाणी पार आटले तर तो संवेदक कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खालीच राहण्याचा संभव असतो. ‘काटा तर ठीक होता’ असे अनेक गाडीमालक प्रामाणिकपणे सांगतात, त्याचे कारण हे आहे. बहुतेक नव्या गाड्यांच्या इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. अतितापाने ते वाकले की डोके आणि धड ह्यांमधले गॅस्केट फुटते. दोन बोटे पाण्याची उपेक्षा अशा रीतीने इंजिन उघडण्यापर्यंत जाऊन पोचते.

शोधाला आरंभ करताना प्रथम एक गैरसमज दूर करावा लागतो. गाडी उभी केल्यावर खाली जे पाणी ठिबकते ते पुष्कळदा वातानुकूलन यंत्राचे असते. हवेतले बाष्प थंड होऊन ते नळीवाटे खाली पडते. ते निर्मळ असते, त्याला रंग नसतो, वास नसतो आणि बोटांना ते पाण्यासारखेच लागते. कूलंट हिरवा, गुलाबी, नारिंगी किंवा निळा असतो, बोटांत चोळला असता तुळतुळीत लागतो आणि त्याला काहीसा गोडसर वास असतो. त्याची चव घेऊन परीक्षा करण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. ते विष आहे. रात्री गाडीखाली एक स्वच्छ पुठ्ठा अंथरून ठेवला तर सकाळी ठिपक्याचा रंग आणि जागा दोन्ही कळतात.

पण ठिपक्याची जागा आणि गळतीची जागा एकच असे समजणे हा दुसरा गैरसमज. द्रव पदार्थ खाली उतरतो आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून ओल जेथे दिसते त्याच्या वर आणि पुढे उगम शोधावा, असा अनुभवी कारागिरांचा प्रघात आहे. ते बरोबरच आहे. गंगेचा उगम पाहण्यासाठी कोणी काशीला थांबत नाही. शिवाय इंजिनाच्या खाली प्लॅस्टिकचे कवच असले तर कूलंट त्यावर साचतो आणि भलत्याच भोकातून खाली पडतो. ते कवच काढल्याशिवाय केलेला तपास अपुरा समजावा.

ज्या गळतीचा थेंबही खाली पडत नाही ती सर्वांत फसवी. इंजिन तापलेले असताना फट रुंदावते, दाबाने कूलंटचा सूक्ष्म फवारा बाहेर पडतो आणि तप्त धातूवर पडून तत्क्षणी त्याची वाफ होते. गाडी थांबवून बॉनेट उघडावे तो सर्व कोरडे ठणठणीत. मात्र पाणी उडून गेले तरी त्यात विरघळलेली द्रव्ये मागे राहतात. जोडांच्या कडेला पांढरट किंवा हिरवट-गुलाबी खरपुडी धरते. खाडीकाठच्या मिठागरात पाणी आटल्यावर मीठ उरते, तसेच हे. बॅटरीच्या उजेडात रबरी नळ्यांची तोंडे, त्यांवरच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या आणि ॲल्युमिनियमची जाळी ह्यांमधील सांधा, पाण्याच्या पंपाच्या पोटाखालचे लहानसे भोक आणि थर्मोस्टॅटचे घर ह्या जागा ह्या खरपुडीसाठी एकेक करून पाहाव्यात. पंपाखालचे ते भोक कारखान्याने मुद्दामच ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावे आणि मालकाला सूचना मिळावी, हा त्याचा हेतू. ते भोक बुजवून टाकणारे शहाणेही आढळतात.

ह्याच्या उलट काही गळत्या थंडीच्या असतात. रात्री धातू आकसतो, क्लिपेची पकड सैल होते आणि पहाटे चार थेंब पडतात. इंजिन तापताच जोड पुन्हा घट्ट बसतो. गॅरेजवाल्याकडे गाडी दुपारी नेली तर त्याला काहीच सापडत नाही आणि मालकाच्या मनात त्याच्याविषयी अकारण शंका उत्पन्न होते. अशा गाडीची तपासणी तिला रात्रभर गॅरेजात ठेवून सकाळी करावी लागते. महादेवपुऱ्याच्या गॅरेजांत कन्नड, दखनी, तमिळ, हिंदी अशा सर्व भाषा चालतात. तरीही ‘नीरु सोरुत्तिदे’, म्हणजे पाणी गळते आहे, एवढे दोन शब्द कन्नडात सांगता आले, तर संभाषणाचा आरंभ पुष्कळ सुकर होतो.

नुसत्या डोळ्यांनी न सापडणाऱ्या गळतीसाठी एक साधे उपकरण आहे. वैद्य रक्तदाब पाहतो त्या यंत्राशी त्याचे साम्य आहे. एक हातपंप, एक दाबमापक आणि झाकणाच्या जागी बसणारे तोंड. इंजिन थंड असताना ते लावून झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब आत भरतात आणि दहापंधरा मिनिटे काट्याकडे पाहत बसतात. काटा हलला नाही तर व्यवस्था निर्दोष आहे. तो हळूहळू उतरला तर आत कोठेतरी फट आहे, आणि इंजिन थंड असल्यामुळे बाहेर पडणारा कूलंट वाफ होऊन निसटत नाही, थेंबाच्या रूपाने सापडतो. ह्याच उपकरणाने झाकणाचीही परीक्षा करता येते. झाकणाचे रबर चिवट न राहता कडक झाले तर दाब धरला जात नाही आणि सारे पाणी त्या एका क्षुद्र वस्तूपायी निघून जाते. कित्येक रेडिएटर विनाकारण बदलले गेले आहेत आणि दोष झाकणाचा होता. ह्यापेक्षाही सूक्ष्म गळतीसाठी कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळतात. गाडी दोनचार दिवस वापरल्यावर अतिनील प्रकाशाच्या बॅटरीखाली गळतीची वाट हिरव्या-पिवळ्या रेघेसारखी उजळून दिसते.

काटा उतरतो पण बाहेर सर्वत्र कोरडे आहे, असे झाले तर पाणी दोनच ठिकाणी जाऊ शकते : गाडीच्या दालनात किंवा इंजिनाच्या पोटात. डॅशबोर्डच्या आत हवा गरम करण्याचा एक छोटा रेडिएटर असतो. बंगळुरात १८८४ च्या जानेवारीत ७.८ अंश ही नीचांकी नोंद झाली होती. एरवी तेथे हीटर लावण्याचा प्रसंग क्वचितच येतो, त्यामुळे त्या रेडिएटराचे अस्तित्वच लोक विसरतात. परंतु कित्येक गाड्यांत त्यातून गरम पाणी सदैव फिरत असते. तो गळू लागला की पुढच्या बैठकीखालचा गालिचा ओला होतो, काचेवर आतून तेलकट धुके धरते आणि गाडीत गोडसर वास येतो. वातानुकूलनाची निचरानळी तुंबली तरीही गालिचा भिजतो. तेथेही रंग आणि वास हेच पंच.

इंजिनाच्या पोटातली गळती म्हणजे गॅस्केट फुटणे. तिची लक्षणे सर्वांच्या परिचयाची असली तरी ती वाचताना तारतम्य ठेवावे लागते. धुराच्या नळीतून पांढरी वाफ येते हे एक लक्षण. पण डिसेंबरच्या गार सकाळी पहिली काही मिनिटे ती प्रत्येक गाडीतून येते. इंजिन तापल्यावरही ती थांबली नाही आणि तिला गोड वास आला तरच चिंता करावी. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते हे दुसरे. जी गाडी रोज घरापासून कचेरीपर्यंत दोन किलोमीटरच जाते तिच्यात तेल पुरते तापत नाही आणि हवेतल्या बाष्पानेही अशी साय जमते. खरी परीक्षा रसायनाची आहे. एका काचेच्या नळीत निळा द्रव घेऊन रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात. जळालेल्या इंधनातला कार्बन डायऑक्साइड त्या हवेत असेल तर निळा रंग पिवळा होतो. जळालेला वायू पाण्यात येतो आहे, म्हणजे पाणीही तिकडे जाऊ शकते. इंजिन उघडण्याचा खर्च पत्करण्यापूर्वी ही परीक्षा करून घेणे प्रत्येक मालकाच्या हिताचे आहे, आणि ती न करता ‘गॅस्केट गेले’ असा निर्णय देणाऱ्याकडून गाडी परत न्यावी.

ह्या तपासात एक नियम अपवादरहित आहे. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये. आतले पाणी १०० अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे द्रव राहिलेले असते. झाकण सैल होताच त्याची एकदम वाफ होते आणि उकळता कूलंट चेहऱ्यावर आणि हातांवर उडतो. वरची रबरी नळी हाताने सहज दाबता येईपर्यंत थांबावे. त्याचप्रमाणे वाफ निघत असलेल्या गाडीत गार पाणी ओतू नये. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखे होऊन धातूला तडा जाण्याची भीती असते. रस्त्यात काटा चढू लागला तर वातानुकूलन बंद करावे, हीटर पूर्ण उघडावा आणि जागा मिळताच गाडी बाजूला घेऊन इंजिन थांबवावे. हीटर उघडणे हे घामाघूम करणारे असले तरी त्या क्षणी तो दुसरा रेडिएटर असतो.

उगम सापडल्यावर दुरुस्ती बहुधा अवघड नसते. रबरी नळी टोकाशी फुगली, मऊ पडली किंवा चिरली असेल तर ती नवीच घालावी. टोक कापून पुन्हा चढवणे म्हणजे काही महिन्यांची मुदत मागून घेणे होय. ज्या धातूच्या तोंडावर नळी बसते ते खरवडून स्वच्छ करावे, कारण तेथला क्षार नव्या नळीलाही नीट बसू देत नाही. क्लिप नळीच्या अगदी काठावर किंवा फुगवट्यावर न बसवता त्याच्या मागे बसवावी. पाण्याचा पंप दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर. जेथे तो टायमिंग बेल्टने फिरतो तेथे पट्टाही त्याच वेळी बदलून टाकावा, म्हणजे तीच मजुरी दोनदा पडत नाही. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असत आणि वाकबगार कारागीर त्यांना डाख देऊन वर्षानुवर्षे जगवीत. ॲल्युमिनियमला तसा डाख सहज बसत नाही, आणि प्लॅस्टिकची टोपी चिरली तर ती चिकटवून दाब सोसत नाही. येथे बदल हाच मार्ग. बंगळुरात जयचामराज रस्त्यावर, पुण्यात नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने रांगेने आहेत. तेथे जाताना जुना भाग हातात घेऊन जावे.

आणि हळद? मालमोटारींच्या चालकांत रेडिएटरची गळती हळदीने थांबवण्याचा प्रघात फार जुना आहे. जखमेवर हळद दाबावी तशी मूठभर हळद रेडिएटरात टाकायची, ती फुगून छिद्रात जाऊन बसते. ह्या युक्तीची थट्टा करण्याचे कारण नाही. ओसाड रस्त्यावर, रात्री, जवळ दुसरे काही नसताना तिने अनेकांना गावापर्यंत पोचवले आहे. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पुड्या आणि बाटल्या ह्या हळदीच्याच सुधारलेल्या बहिणी होत. मात्र जी भुकटी छिद्र बुजवते तिला छिद्र कोणते आणि नळी कोणती हे कळत नाही. हीटरच्या आणि आजच्या रेडिएटरच्या सुतासारख्या वाटाही ती तितक्याच निष्ठेने बुजवते. गावापर्यंत पोचण्यासाठी ठीक. पोचल्यावर सर्व धुऊन काढून खरी दुरुस्ती केलीच पाहिजे.

दुरुस्तीसाठी काढलेला जुना कूलंट गटारात ओतण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती निंद्य आहे. त्यातले एथिलीन ग्लायकॉल गोड असल्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. शरीरात त्याचे ऑक्झॅलेट होऊन त्याचे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात. लहान मुलांनाही तोच धोका. बंगळूरचे पावसाळी नाले, ज्यांना तेथे राजकालुवे म्हणतात, एका तलावातून दुसऱ्या तलावात उतरत जातात. बेळ्ळंदूर आणि वर्तूर येथील तलावांवर साचलेल्या फेसाची आणि बेळ्ळंदूरच्या पृष्ठभागावर लागलेल्या आगीची वृत्ते २०१५ ते २०१८ ह्या काळात देशभर पसरली होती. ती करणी मुख्यतः सांडपाण्याची होती, मोटारींची नव्हे. परंतु त्या ओझ्यात भर घालण्याचे काही कारण नाही. जुना कूलंट बंद डब्यात भरून, घातक टाकाऊ पदार्थ रीतसर हाताळणाऱ्या सर्व्हिस स्टेशनात द्यावा.

आता नवीन काय भरायचे? ह्या प्रश्नाचे उत्तर महादेवपुऱ्यात विशेष महत्त्वाचे आहे. ह्या भागाची तहान दीर्घकाळ कूपनलिका आणि टँकर ह्यांवर भागत आली. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या तेव्हा येथील हाल सर्वांनी वाचले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन होऊन भोवतालच्या एकशेदहा गावांसाठी नदीच्या पाण्याची सोय झाली. कूपनलिकेचे पाणी कठीण खडकाच्या भेगांतून येते आणि त्यात क्षार विरघळलेले असतात. घरातल्या गीझरच्या कांबीवर जो पांढरा थर धरतो तोच इंजिनाच्या आतल्या वाटांवर धरतो. मिलिमीटरभर क्षारही उष्णतेच्या वाटेत भिंतीसारखा आडवा येतो, आणि सुटलेले त्याचे कण पंपाचे सील खरवडतात. कावेरीचे पाणी मऊ असले तरी त्यातही क्लोराइडे असतात आणि ती ॲल्युमिनियमला टोचे पाडतात. तेव्हा नळाचे असो, टँकरचे असो, ते पिण्यास योग्य असले तरी इंजिनास योग्य नव्हे. बॅटरीसाठी जे ऊर्ध्वपातित पाणी मिळते ते वापरावे किंवा पाणी मिसळलेला तयार कूलंटच घ्यावा. बंगळुरात पाणी गोठत नाही, मग ग्लायकॉल कशाला, असा युक्तिवाद काही जण करतात. गोठणे हा त्याचा एकच गुण झाला. उत्कलनबिंदू चढवणे हे त्याचे दुसरे काम, आणि गंज रोखणारी द्रव्ये वाहणारे मिश्रण म्हणून त्याचे तिसरे. इकडे पहिल्याची गरज नसली तरी दुसरी दोन बारमाही लागतात. रंग सारखा दिसतो म्हणून दोन जातींचे कूलंट एकत्र करू नयेत. काही जातींच्या मिश्रणाने साका धरतो. गाडीच्या पुस्तिकेत जी जात लिहिली असेल तीच भरावी.

भरण्याचेही तंत्र आहे. रिकाम्या झालेल्या व्यवस्थेत हवेचे बुडबुडे अडकून राहतात, आणि जेथे हवा तेथे थंडावा नाही. शक्य तर गाडीचे तोंड चढाकडे करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थंड इंजिनात सावकाश ओतावे. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो उघडून तेथून अखंड धार येईपर्यंत थांबावे. मग झाकण लावून इंजिन पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत चालवावे. हीटरमधून गरम हवा येऊ लागली म्हणजे पाणी सर्वत्र पोचले. इंजिन पूर्ण निवल्यावर पातळी थोडी उतरलेली असतेच. तेवढी भर घालून टाकीवर पेन्सिलीने बारीक खूण करावी आणि तारीख टिपून ठेवावी.

त्यानंतर गाडी नेहमीच्या वाटेने, टिन फॅक्टरीच्या गर्दीतून, संध्याकाळच्या वेळी मुद्दाम न्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खूण पाहावी. अशी ती पंधरा दिवस पाहावी. बंगळूरहून तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर ह्या वाटेने पुणे सुमारे साडेआठशे किलोमीटर पडते, आणि दिवाळीच्या सुटीत गाडी जेव्हा त्या रस्त्याला लागते तेव्हा तिच्यात चार माणसे, सामान आणि भरधाव वेग असतो. पेन्सिलीची खूण आणि पाण्याची पातळी पंधरा दिवस एकाच ठिकाणी राहिली, तर तिला त्या रस्त्याला लावण्यास हरकत नाही. पातळी पुन्हा उतरली, तर पुठ्ठा पुन्हा गाडीखाली अंथरावा.